शून्यं घरच्या माणसाने आणायची

२ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी,

वर मायना काय घालावा यावर सकाळपासून अडले होते. तेवीस वर्षांनी लिहिताना 'प्रिय' म्हटलं तर ढोंग वाटेल आणि कोरडा नमस्कार केला तर परकेपणा. म्हणून जिन्याखालून ज्या नावाने हाक मारायचे तेच लिहिलं. कागद उलटलात तर मागच्या वर्षीचा मार्च दिसेल. कॅलेंडरची पानं मी अजून टाकत नाही.

आधी कामाचं लिहिते. यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेचं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला कायमची मनाई केली. हे त्यांना म्हणाले, "समोरचं दिसतंय ना? मी काय गाडी आडवी चालवतो?" त्या हसल्या नाहीत. तरी त्या दिवशी दवाखान्यातून हेच चालवत आले, वीसच्या वेगाने, आणि मी शेजारी बसून 'डावीकडे सायकल, उजवीकडे कुत्रं' असं सांगत. सगळा रस्ता माझं नामस्मरण आणि कुत्री एकात एक मिसळत होती. फाटकाच्या आत गाडी लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "वहीत लिही." मी लिहिलं : ९९,९७१.

लाखाला एकोणतीस कमी.

ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. पांढरी, लहानशी. आम्ही तिला धाकटी म्हणतो. महिनाअखेर तिला मोटार शिकवणारे गृहस्थ घेणार आहेत. शेजारच्या सीटपुढेही ब्रेक बसवून तिच्यावर माणसं शिकवतील. त्यांना मी एकोणतीस किलोमीटरचं सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, काकू, मी आणतो फिरवून, काका शेजारी बसतील." मला पटलं होतं. यांना नाही. म्हणाले, "शून्यं घरच्या माणसाने आणायची."

मामंजी सांगायचे ती गोष्ट तुम्हा दोघा भावांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मामंजींची लॉरी, ओसाड रस्ता, मीटरवर पाच नऊ आले आणि मग पाच शून्यं. त्यांनी लॉरी बाजूला लावली, खाली उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि इंजिन गार होईपर्यंत उभे राहिले. "पुन्हा पहिल्यापासून," म्हणाले. त्यानंतर या घरात नियमच झाला की शून्यं येतील तेव्हा घरातली सगळी माणसं गाडीत हवीत. यांचा जन्म गेला वजनमापे खात्यात. दुकानात शिरले की आधी रिकामा तराजू शून्यावर येतो का ते बघायचे, माल नंतर. आणि इतक्या गाड्या होऊन यांनी स्वतः ती शून्यं एकदाही पाहिलेली नाहीत.

घरात गाडी चालवता येणारं आता कोणी नाही. म्हणजे तुम्ही सोडून.

निळ्या गाडीच्या वेळी जे झालं ते झालं. तो तुम्हा भावांमधला प्रश्न, मी त्यात पडत नाही. एवढंच विचारते, याल का?

काल गाडी पुसताना आपली पहिली गाडी, म्हातारी, आठवली. तिसऱ्या हाताची, राखाडी, दर सात किलोमीटरला पाणी पिणारी. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यात बसले. तोवर मी मोटारीत बसलेच नव्हते. झाडं मागे पळत होती, घरं पळत होती आणि आपण मात्र मांडी घालून बसलेले. बसल्या जागी माणूस पुढे जातो याचं मला इतकं नवल वाटलं की हात आपोआप जोडले गेले. मागच्या सीटवर तुम्ही, वय वर्षं चौदा, गुडघे कानापर्यंत आलेले, म्हणालात, "दादा, वहिनी घाबरल्या." घाबरले नव्हते, भाऊजी. तेव्हा सांगता आलं नाही.

म्हातारीचं मीटर ६३,२१८ वर अडकलेलं होतं. म्हणून मी जपाची माळ घेऊन बसायची, रस्त्याकडेचा किलोमीटरचा एक दगड गेला की एक मणी. माझं अक्षर चांगलं आणि मॅट्रिकला गणितात बरे मार्क, म्हणून यांनी गाडीची वही माझ्याकडे दिली. ती आजतागायत माझ्याकडेच आहे.

वहिनी


९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी,

जाऊबाईंचा फोन आला. पत्र पोचलं, रेडिओखाली ठेवलंय म्हणाल्या. वाचलं का विचारल्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलाय, आम्हाला वितळायला वेळ लागतो." जाऊबाई हसत होत्या, पण त्यांचा आवाज काही हसरा नव्हता.

मी वाट बघते. तोवर सायीविषयी लिहिते. हे कापड घेऊन रोज सकाळी धाकटीची काच पुसतात आणि पुसता पुसता आपल्या सगळ्या गाड्यांचा विषय काढतात. कालचा दिवस सायीचा होता.

दुधावरच्या सायीच्या रंगाची म्हणून साय. तिचा दरवाजा लागताना कसा आवाज यायचा, आठवतं? जाड पुस्तक मिटल्यासारखा. हे एकदा लावायचे, पुन्हा उघडून पुन्हा लावायचे. मी म्हणाले, "बिजागरी झिजेल." तर म्हणाले, "झिजू दे, ऐक तर खरं." यांच्या तोंडून 'झिजू दे' मी तेव्हा एकदाच ऐकलं.

सायीचं मीटर चालू होतं. मी एक दिवसही चुकवला नाही. जातानाचा आकडा, येतानाचा आकडा, किती लिटर, कशासाठी. 'कशासाठी' या रकान्यावर यांचं फार लक्ष. "कारण नसेल तर धाव नाही," म्हणायचे. पंचेचाळीसच्या पुढे काटा नाही, कारण पंचेचाळीसला पेट्रोल सगळ्यात कमी लागतं. मलाही ते आवडायचं. देवाने दिलेलं जपून वापरणं हीसुद्धा एक पूजाच आहे, असं मी मानत आले.

आणि तुमची ती सीट. तुम्ही चालवलीत की सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे. दुसऱ्या दिवशी हे बसायला जायचे तर यांचे पाय हवेत. हे उशी घेऊन, सीट पुढे ओढून, चाकाला नाक लावून चालवणारे. "कोण बसलं होतं? शिडी?" रोजचं ठरलेलं. तुम्ही वरच्या खिडकीतून, "दादा, पाय वाढव, सीट कशाला ओढतोस?" शेजारचा शिंपी हे ऐकायला दुकानाबाहेर येऊन उभा राहायचा.

साय ९९,४०० ला विकली. तुमच्या यंत्राच्या कोर्सची फी भरायची होती ना, त्या वर्षी. मी यांना म्हणाले, सहाशेच राहिलेत, दोन महिने थांबू. म्हणाले, "शून्यं पुढच्या गाडीला येतील. त्याचं वय पुढच्या वर्षी तेवढंच राहणार आहे का?" हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. आज सांगते. तुमच्यावर ओझं टाकावं म्हणून नव्हे. निळीच्या वेळी ते एवढे का भडकले ते तुम्हाला कळावं म्हणून.

हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. कारण का भडकले, यापेक्षा कोणावर भडकायला हवं होतं ते मोठं आहे. ते पुढच्या पत्रात लिहीन. आज धीर नाही.

वहिनी


१५ सप्टेंबर, सोमवार

भाऊजी,

उत्तर नाही. बरोबर आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तो तुम्हा भावांमधला प्रश्न, मी त्यात पडत नाही. ते वाक्य वाचून तुम्ही पत्र रेडिओखाली ठेवलंत ना? मी तुमच्या जागी असते तर चुलीत घातलं असतं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण माझ्या हाताने ते एकदा खरं लिहिलं जायला हवं.

निळी आपण कोरी घेतली होती. शून्यापासून आपली. अकरा वर्षं चालली आणि त्या दिवशी सकाळी तिच्या मीटरवर ९९,९८१ होते. हे खात्याच्या जीपने दोन दिवसांच्या तपासणीला गेले होते. रविवारी आपण सगळ्यांनी मिळून एकोणीस किलोमीटर जायचं, शून्यं बघायची, असं ठरलेलं. जाऊबाई माहेरी होत्या. दुपारी तुम्ही ओट्यावर बसून बूट पुसत होतात आणि मी म्हणाले, "भाऊजी, निळीच्या काट्यावर एकशे साठपर्यंत आकडे आहेत. मी पंचेचाळीसच्या पुढचे कधी पाहिलेच नाहीत."

तुम्ही बूट खाली ठेवला. "किती बघायचेत?"

"शंभर. एकदाच."

"कारण काय लिहाल, वहिनी?"

मी म्हणाले, "कारण नाही."

हिशेब मीच केला होता. नव्या सरळ रस्त्यापर्यंत आठ, तिथे एक-दोन, परत आठ. सतरा, फार तर अठरा. एकोणीसच्या आत. रविवारसाठी एक किलोमीटर शिल्लक राहील, आणि यांना काय सांगायचं तर ते रविवारपर्यंत ठरवू. असं मी पदर खोचून, हाताच्या बोटांवर मोजून, तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमच्या हिशेबाला माझी मान तुकवलेली."

मग तो रस्ता. दुतर्फा नुकती लावलेली गुडघाभर झाडं, वर भलंमोठं आभाळ. काटा पन्नासला गेला, साठला. सत्तरला निळीचा आवाज बदलला. मला वाटलं आता तक्रार करेल, पण ती गाऊ लागली. ऐंशी, नव्वद. अकरा वर्षं आपण तिला पायवाटेवरून चालवत होतो आणि तिच्या पोटात हे होतं, कोणी न मागितलेलं. शंभर. एकशे चार. रस्ता पुढून येत नव्हता, भाऊजी, तो आपल्यासाठी जागच्या जागी घडत होता. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नावच आठवेना. आयुष्यात तेवढं एकदाच झालं. आठवायची गरजही वाटली नाही. जो कोणी आहे तो इतका जवळ होता की हाक कशाला मारायची.

शंभरच्या वेगात अकरा किलोमीटर साडेसहा मिनिटांत संपतात. मॅट्रिकला हे गणित मी सोडवलेलं होतं.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, मीटर."

पाच नऊ. तुम्ही पाय काढलात, पण ती तेवढ्या वेगात थोडीच थांबते. मग शेवटचा नऊ हलला, त्याच्याबरोबर शेजारचा, आणि पाचही जणू एकमेकांचा हात धरून वर उठले. खालून पाच शून्यं आली. पांढरी, स्वच्छ, नुकती धुतल्यासारखी. गाडी बाजूला लागली. तुम्ही खाली उतरलात आणि डोक्यावर टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखा हात केलात. मी रडत होते की हसत होते, ते तुम्हीच सांगा. घरी आलो तेव्हा १९ होते.

हे एक दिवस आधीच परत आले. दार उघडलं, सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे. वाकून मीटर पाहिलं. ओट्यावर येऊन उभे राहिले, आवाज अगदी हळू.

"कोणी नेली?"

तुम्ही म्हणालात, "मी. मित्रांबरोबर."

मी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. आजारपण असतं, कोणाला दवाखान्यात न्यायचं असतं, तर मी बोलले असते. पण कारण नव्हतं ना. ज्या बाईने इतकी वर्षं 'कशासाठी' हा रकाना भरला, तिने कसं सांगायचं की मला नुसतं बघायचं होतं? हे तुम्हाला म्हणाले, "ती तुझी नव्हती. तू चोर आहेस." मी चहा ठेवला. साखर किती, असंसुद्धा विचारलं.

आणि मग वही काढून लिहिलं : 'भाऊजी, खासगी काम.' तीन महिन्यांनी तुम्ही बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरून दूर गेलात. मी तुम्हाला डबा भरून दिला. तेवढं मला जमलं.

रोज प्रार्थनेला बसते तेव्हा ही एक ओळ माझ्या आणि देवाच्या मध्ये येऊन बसते. उद्या यांना सांगणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका, सांगणार आहे.

वहिनी


२१ सप्टेंबर, रविवार

भाऊजी,

सांगितलं. मंगळवारी सकाळी, हे धाकटीची काच पुसत असताना. उभ्याने सांगितलं, मध्ये थांबले नाही. जुनी वहीही हातात घेऊन गेले होते, ते पान उघडून.

यांनी कापड पिळलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला. मग म्हणाले, "तेवीस वर्षं ही वही तू माझ्यापुढे ठेवत होतीस." आणि आत गेले.

दोन दिवस बोलले नाहीत. जेवण वाढलं की पाठ फिरवून बसायचे. मी काही म्हटलं नाही, माझं तेवढं देणं होतं. तुम्ही तेवीस वर्षं काढलीत, मला दोन दिवस म्हणजे काय.

गुरुवारी दुपारी मी धान्य निवडत बसले होते. हे समोर येऊन बसले. कडेचं दिसत नाही म्हणून अगदी समोर.

"किती होता काटा?"

"एकशे चार."

"निळी? एकशे चारला?" "थरथरली का?"

"नाही."

"चाक हातात नाचत होतं?"

"भाऊजींनी एका हाताने धरलं होतं."

"शिडीला अक्कल कधी नव्हतीच." पण रागाने नाही म्हणाले. मग ताटातले दोन खडे स्वतः वेचून बाजूला केले आणि म्हणाले, "शून्यं कशी आली? पाचही एकदम, की एकामागून एक?"

मी सांगितलं. शेवटचा नऊ हलला, मग सगळे हात धरून उठले. यांनी डोळे मिटले. "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. "आवाज आला का?" मी म्हणाले, खूप बारीक, कुलूप उघडल्यासारखा. खरं सांगू, आला होता की नाही मला आठवत नव्हतं, पण आता वाटतं की आला होता. "पुन्हा," म्हणाले. तिसऱ्यांदा सांगताना मी यांच्याकडे बघत होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलासारखं. पन्नासच्या आसपास वर्षं झाली लग्नाला, हा चेहरा मी पाहिला नव्हता. मला शंभराचा काटा एकदाच बघायचा होता, पण हेही इतकी वर्षं न बघता राहिलं होतं.

मग म्हणाले, "ते पान दुरुस्त कर."

मी 'भाऊजी, खासगी काम' यावर रेघ मारली आणि लिहिलं : 'मी सांगितलं म्हणून भाऊजींनी नेली. कारण : बघायचं होतं.' यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. खिशातून लाल पेन्सिल काढली, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी ती खिशात असते, आणि खाली लिहिलं, 'तपासले. बरोबर.' सही केली, तारीख घातली.

तुमचं नाव मात्र काढलं नाही. मी विचारलं, भाऊजींना काही कळवू का? उठून गेले.

वहिनी


२४ सप्टेंबर, बुधवार

भाऊजी,

आज थोडंच लिहिते, टपाल निघायची वेळ झाली. मोटार शिकवणारे गृहस्थ काल येऊन गेले. हे त्यांना म्हणाले, तीस तारखेला संध्याकाळी या, त्याआधी नको. त्यांनी पुन्हा विचारलं, "काका, तेवढे एकोणतीस मी—" यांनी पुढे बोलू दिलं नाही.

जाऊबाई म्हणाल्या, तिन्ही पत्रं रेडिओखालून तुमच्या शर्टाच्या खिशात गेली आहेत आणि खिसा फाटायला आलाय. पुढे काय म्हणालात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

धाकटीच्या मीटरला सहा घरं आहेत. तिथे आकडे फिरत नाहीत, उजेडात बदलतात. पाच शून्यं येतील, पण त्यांच्यापुढे एक उभा असेल, उंच आणि सडपातळ. हे मी यांना सांगितलं तर म्हणाले, "हो का? कोणासारखा?" आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. उलटं धरलं होतं.

गेले तीन दिवस सकाळी काच पुसून झाली की हे गाडीत जाऊन बसतात. चाकामागे नाही, शेजारच्या सीटवर. मान वळवून मीटर दिसतं का बघतात. उतरताना दरवाजा लावतात, पुन्हा उघडून पुन्हा लावतात.

आज मी आत झाडायला गेले. चालकाच्या सीटवरची उशी नव्हती. ती घरात, यांच्या खुर्चीवर सापडली.

वहीत आजची नोंद केली आहे, जशीच्या तशी उतरवते :

सकाळ ९९,९७१. संध्याकाळ ९९,९७१. धाव : नाही. सीट : शेवटच्या खाचेपर्यंत मागे. कोणी सरकवली : यांनी.

वहिनी